हौदाचा कोपरा

बाबा, आपल्या चौकातली बस बंद करणार आहेत. बाहेरचा नवा रस्ता रुंद झालाय, तिकडून नेणार. इथे वळणावर बस अडते, असं कारण कागदावर दिलंय. उद्या अकरा वाजता बसच्या कचेरीत मोहल्ल्यातर्फे मी बोलणार आहे. नकाशा मीच काढला, एक इंचाला दहा फूट, दोनदा तपासून. शाळा सातवीत सुटली, पण माझ्या मापात चूक काढणारा अजून भेटायचाय.

बस पहिल्यांदा यायची होती तेव्हाही वळणाचंच अडलं होतं. मला तो दिवस समोर दिसतो. कोपऱ्यावर घोड्यांचा दगडी हौद, त्याला लागून टांग्यांची रांग, आणि तुम्ही ओठांत खिळे धरून घोड्याचा खूर मांडीवर घेतलाय. बसचे साहेब येतात, मान हलवतात, "नाही वळणार," म्हणून निघून जातात. दुसऱ्या दिवशी पहाटे, तुम्ही उठायच्या आत, मी तुमची दोरी घेतली. लगामाचे पट्टे मोजायची, वितेवितेवर गाठ मारलेली. गेरूने खुणा करत सगळा कोपरा मोजला. हौद चार फूट कापला की बस वळते, हे कागदावर काढून साहेबांना नेऊन दिलं. बस मला हवीच होती. पण त्याहून जास्त, माझं माप खरं ठरायला हवं होतं. पंधरवड्यात हौद फुटला. चार फूट कापल्यावर त्यात पाणी कुठलं राहतंय!

"हौद कोनं मोजला गा?" तुम्ही टांगेवाल्यांना विचारलंत. एक जण म्हणाला, "सायबाचा मानूस आला असन, दादा." मी सायकलच्या चाकात हवा भरत होतो. भरतच राहिलो.

टांगे पाणी असेल तिकडे गेले. तुम्ही दुपारपर्यंत ऐरणीशी बसायचात आणि एकही नाल न ठोकता उठायचात. एका संध्याकाळी ती दोरी माझ्यासमोर टाकलीत. "ठेव तुह्याजवळ. मले आता काय मोजाचं हाय?" गेरू अजून तिच्या गाठींत होता.

बसने वाईट केलं असं मी म्हणणार नाही. खोटं मला लिहवत नाही. शेजारची काकू आपल्या विड्या ठेकेदाराच्या हाती न देता स्वतः कारखान्यात नेऊ लागली. काटोलची एस.टी. धरून आलेल्या बाया टोपल्या घेऊन पुढे या बसने इथे उतरतात, संत्री दुपारपर्यंत संपतात. ताई नर्सिंग शिकायला याच बसने गेली. त्या दिवशी तुम्ही थांब्यावर उभे होतात, बसकडे पाठ करून. आता काकूला गुडघ्यांनी धड चालवत नाही. नव्या रस्त्यापर्यंत मी तिच्याबरोबर चालून पाहिलं. ती तीनदा बसली. तिसऱ्यांदा म्हणाली, "तू मोजत राह्य गा, मी इथंच मरतो."

मागच्या रविवारी वळण मोजलं, तेव्हा बस का अडते ते कळलं. हौदाच्या जागेवर माझं सायकलचं दुकान आहे. त्याचा ओटा मी दरवर्षी थोडाथोडा पुढे घेत गेलो. अडीच फूट. तेवढेच कमी पडतात. पुन्हा मोजलं, पुन्हा तेवढेच आले. नकाशात ओटा लाल शाईने दाखवलाय. उद्या साहेबांना सांगणार: ओटा माझा, शुक्रवारच्या आत मीच फोडतो, बस हलवू नका. तुमची सून म्हणाली, "बस तं वळन, पन तुमी कुठी बसान?" मी म्हटलं, आत बसेन. ती म्हणाली, "आत उजेड नाही." खरं आहे, नाही. चाकाचे आरे सरळ करायला उजेड लागतो. दिवा लावीन. पण या वेळी कापायचं ते माझं आहे, आणि ते मी सांगून कापणार आहे.

हौद मी मोजला होता, बाबा. तुम्हाला ते ठाऊक होतं, हे दोरी दिलीत तेव्हाच समजलं. तरी मी बोललो नाही. आणि एक. मी सगळीकडे सांगतो की मापाचं काम मला कोणी शिकवलं नाही. माझी पोलादी टेप मागच्या वर्षी तुटली. हा नकाशा तुमच्या गाठींवर काढलाय.