स्पीकरवरचं बोट

ता. ४ मार्च

चि. मुकीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सकाळपासून एकच आवाज मनात घुमतोय. टक् टक् टक्. ओळखलास? आपल्या घरातलं ते एक पाय सैल झालेलं स्टूल. पाहुणे आले की तुला त्यावर उभं करायचो, तुझे गुडघे थरथरायचे आणि स्टूल दात वाजवायचं. ‘पाखरं निघाली घराकडे, मागं उरलं रान...’ इथवर यायचीस आणि पुढचा ‘मुकं’ हा शब्द काही केल्या तोंडातून निघायचा नाही. मग मीच ओरडलो होतो, मुकी! काय हसले होते सगळे. साठ वर्षं झाली, पण नाव असं चिकटलं की तुझं खरं नाव आता मलाही आठवून घ्यावं लागतं.

असो. काम असं, की कॉम्प्युटरवर तू बसवून दिलेलं लिनक्स रुसलंय. आवाज येत नाही. तुझ्या वहिनीनं शेवटच्या हिवाळ्यात आतल्या खोलीत अंथरुणावर पडल्या पडल्या माझ्यासाठी कविता म्हणून रेकॉर्ड करून ठेवल्यात. ‘तुमच्यासाठी’ अशा नावाचं फोल्डर आहे. इतके दिवस उघडायचा धीर होत नव्हता. पंचवीस एप्रिलला तिला जाऊन वर्ष होईल, त्या दिवशी ऐकायचं ठरवलंय. आधी तपासावं म्हणून लावलं, तर पडद्यावर रेघ सरकते आणि खोली ढिम्म. तू दाखवलेली ती काळी खिडकी उघडून तू लिहून दिलेला हुकूम दिला, तर ती पासवर्ड मागते आणि मी टाइप केलेलं एक अक्षर उमटेल तर शपथ. कीबोर्डही गेला वाटतं.

फोनवर सांगू नकोस. गेली दीड-दोन वर्षं फोनमध्ये सगळे तोंडात बोळा कोंबल्यासारखे बोलतात. सविस्तर पत्र लिही.

तुझ्या उत्तराकडे डोळे लावून बसलेला,
दादा


ता. १३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

कीबोर्ड ठणठणीत आहे. पासवर्ड लिहिताना लिनक्स काहीच दाखवत नाही, साधं टिंबसुद्धा नाही. मागून कोणी डोकावलं तर त्याला अक्षरं मोजता येऊ नयेत म्हणून. दिसत नाही म्हणून नसतंच असं नाही, हे जन्मभर कविता शिकवणाऱ्याला मी सांगायचं?

आता आवाज. स्पीकरची तार हिरव्या भोकात आहे ना बघ. गुलाबी भोक माइकचं. मग सेटिंगमध्ये आवाज कुठे जातोय ते पाहा. कधी कधी लिनक्स तो स्पीकरऐवजी पडद्याच्या केबलकडे पाठवतं, आणि तुझ्या पडद्याला तोंडच नाही. शेवटी काळ्या खिडकीत ‘अल्सामिक्सर’ लिही, इंग्रजीत. उभ्या पट्ट्या दिसतील. ज्या पट्टीखाली दोन एम असतील तिचं तोंड बांधलंय असं समज. बाणानं तिच्यावर जा आणि एम दाब.

स्टुलाचं म्हणशील तर मला स्टूल आठवत नाही. समोर बसलेल्यांचे दात आठवतात.

माया असू द्यावी, नसली तरी चालत आलंच आहे.
तुझी मुकी (दुसरं काय लिहू?)


ता. २२ मार्च

चि. मुकीस,
अनेक आशीर्वाद.

तू जिभेनं नुसती कात्री आहेस. पण तुझी विद्या खरी. दोन एम होते, ते गेले, पट्टी लाल रेघेपर्यंत चढली. तार हिरव्याच भोकात आहे. आवाज स्पीकरकडेच जातोय असं यंत्र म्हणतं. तरी शांतता.

एक गंमत सांगतो. स्पीकरच्या जाळीवर बोट ठेवलं, तर आत काहीतरी थरथरत होतं, हातात धरलेल्या पाखराच्या छातीसारखं. म्हणजे तिथवर येऊन आवाज अडतो. जाळी कचऱ्यानं बुजली असेल का?

खालच्या खोलीत शिवणकाम करणारी एक बाई नव्यानं राहायला आली आहे. दिवसभर मशीन चालवते म्हणतात, पण इतक्या हळुवारपणे की वर काही म्हणून कळत नाही. अशी माणसं दुर्मीळ झाली.

तुझाच,
दादा


ता. ३० मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बोटाचं वाचलं. दोनदा वाचलं.

जाळीला हात लावू नकोस. आता असं कर. आवाज शंभर टक्क्यांच्या वर नेता येतो, तसा ने. फाइल पुन्हापुन्हा वाजेल असं बटण आहे, दोन बाणांचं वर्तुळ, ते दाब. रोज संध्याकाळी तासभर तशी लावून समोर बस. हलू नकोस. कधी ना कधी ऐकू येईल. आणि काय होतं ते मला दर आठवड्याला कळव. तुझी पत्रं वाचून मला फार बरं वाटतं.

दरम्यान मीही इथून बघते. यंत्र बसवलं तेव्हाच दुरून आत शिरायची वाट मी ठेवली होती.

कृपा आहेच,
मुकी


ता. ९ एप्रिल

चि. मुकीस,
आशीर्वाद.

सांगितलंस तसं रोज बसतो, शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा, मान खाली घालून. काही नाही. आता तर घरालाच काहीतरी झालंय. दाराची बेल मेली. म्हणून दार नुसतं लोटून ठेवतो. भिंतीवरचं घड्याळ चालतं पण टिकटिकत नाही. कुकर शिट्टी न देताच कोळसा होतो. जिन्यात शेजारी भेटतात ते माझ्याकडे बघून तोंडं हलवतात, हातवारे करतात, तणतणत निघून जातात. लोकांची बोलायची रीतच बदलली.

पंचवीस तारीख जवळ आली. निदान फाइल शाबूत आहे एवढं तरी सांग. ती गेली आणि आता तिचा आवाजही गेला, असं नको ना ग व्हायला.

दादा


ता. १७ एप्रिल

ती. दादास,
न. वि. वि.

फाइल शाबूत आहे. तार, पट्टी, स्पीकर सगळं शाबूत आहे. पहिल्या दिवसापासून आवाज येतोय आणि आता तर अर्ध्या गल्लीला येत असेल. बिघाड स्पीकर आणि खुर्ची यांच्या मध्ये आहे. दादा, तू बहिरा झालायस. बोटाचं लिहिलंस त्याच दिवशी मला कळलं होतं. तरी तुला रोज समोर बसवलं. स्टुलावर मी बसायचे नाही ना, उभी असायचे. तुला निदान खुर्ची दिली.

फाइल मी इकडे उतरवून घेतली आणि सगळी ऐकली. वहिनी काय म्हणते, ते तू विचारशील. माझ्या लग्नात तू भाषण केलंस ते मुकीच्या नावानं. माझी नातवंडं मला मुकी आजी म्हणतात. साठ वर्षांत एकदाही तुला वाटलं नाही, की हिला काही म्हणायचं असेल. आता विचार. मुकी काय सांगणार?

फक्त ते रोज लावणं बंद कर. का, ते विचारू नकोस.

मुकी


ता. २५ एप्रिल

चि. मुकीस,

जिंकलीस. टाळ्या वाजवतो, तुलाच काय त्या ऐकू येतील.

पण तुझं ऐकणार नाही. आज तिचा दिवस. आताही फाइल सुरू आहे, डावं बोट जाळीवर आहे आणि उजव्या हातानं हे लिहितोय. इतक्या दिवसांत बोटाला सवय झाली. आधी लांब लांब लाटा येतात, ती कविता. चाल मला बोटानं ओळखता येते. मग मध्येच ती थांबते. आणि मग तोकडे तोकडे धक्के, दोन-दोनचे, पुन्हा, पुन्हा, कितीतरी वेळ. ते तिचं हसणं आहे असं मी धरून चाललोय. कवितेत अडली की ती अशीच हसायची. तेवढं मला पुरे. तुझी गरज नाही.

आता दार हललं. थांब.

खालची शिवणकामवाली आहे. गळ्यात मापाची फीत, हातात पाण्यानं भरलेला तांब्या. मला वाटलं भांडायला आली. तिचे ओठ हलले, मी कानाकडे बोट दाखवलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. मग मला ओलांडून आतल्या खोलीत डोकावली, पलंग रिकामा पाहून परत आली, आणि माझ्या हातातलं पेन घेऊन तुझ्याच पाकिटाच्या पाठीवर लिहू लागली. तांब्या अजून तिनं खाली ठेवलेला नाही. लिहिलं ते तसंच उतरवतो:

‘आजोबा, तुमच्या घरातल्या आजी कुठे आहेत? रोज कविता म्हणता म्हणता थांबतात आणि अहो पाणी, अहो पाणी अशा हाका मारत राहतात. तुम्ही घरातच असता. मग देत का नाही?’