दोन खोटे कोपरे आणि पाच पोती ज्वारी

सगळ्यात आधी आली ती रंगुबाई, माझी थोरली जाऊ. बोलावलं होतं दहाला, ही साडेआठलाच उंबऱ्यात. म्हणाली, "द्वारके, कागद करतीयस म्हनं. तांब्याची घागर कुनाला लावली?" मी म्हटलं, बाई, तुला साक्षीदार म्हणून बोलावलंय, आणि वकिलांनी बजावलंय की साक्षीदाराला कागदातून काही द्यायचं नाही, मागून भांडणं होतात. तिने लगेच पेन खाली ठेवलं. शेवटी मी घागर उतरवून तिच्या मांडीवर दिली. जिवंतपणी दिलेली वस्तू कागदात येत नाही. आता ती घागर पोटाशी धरून बसली आहे आणि सहीला तयार आहे.

तर मी, द्वारकाबाई, वय ७६, राहणार काष्टी, तालुका श्रीगोंदा, जिल्हा अहिल्यानगर (तोंडात अजून नगरच येतं), हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते. शिक्षण चौथी. डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी काल तसा दाखला दिला. त्यांनी आज वार कोणता विचारलं, मी वार सांगितला आणि तुमच्या टेबलाचा पाय लंगडतोय हेही सांगितलं. सुताराची बायको आहे. मला कुणी धाक घातला नाही की भुलवलं नाही. मालकांचं नाव मी कधी घेतलं नाही, पण वकील म्हणाले लिहावंच लागतं, म्हणून एकदाच लिहिते. कैलासवासी बिभीषण रामहरी गाडेकर. यापुढे 'हे' म्हणजे तेच.

कलम पहिले, घर. घर ह्यांनी माझ्या नावावर केलं. माझ्यामागे ते मुलगा अजिनाथ याचं. पण पुढच्या खोलीतले दोन खोटे कोपरे त्याने मोडायचे नाहीत. तो म्हणतो, "आई, नुसती अडचन हाय. तिथं सोफा बसंल." सोफ्यावर बसायला तुम्हाला सवड कधी असते, हे त्याला तोंडावर विचारलं आहे, इथेही विचारते.

कोपरा खोटा कसा ते लिहायलाच पाहिजे, नाहीतर कोर्टाला वाटेल म्हातारी चळली. हे नगरला लष्करी बंगल्यांवर फर्निचर दुरुस्तीला जायचे. तिथे एका साहेबाच्या दिवाणखान्यात ह्यांनी गाण्याच्या दोन पेट्या पाहिल्या, कपाटाएवढ्या, कोपऱ्यात पाठ लावून उभ्या. त्या पेटीत भोंगा घडी घालून बसवलेला असतो. जाड आवाज मागून दोन्ही अंगांनी निघतो आणि भिंतींवरून पुढे येतो. म्हणजे खोलीचा कोपरा हेच त्या भोंग्याचं उरलेलं तोंड. ह्यांनी दोरीने मापं घेतली आणि सहा महिने खपून तशाच दोन पेट्या केल्या. आतलं तारांचं काम नगरचे रेडिओवाले शमशेरभाई यांनी केलं. पेट्या घरी आणल्या, आणि मग ह्यांच्या ध्यानात आलं की आपल्या खोलीला कोपरेच मोकळे नाहीत! डाव्या कोपऱ्यात दार, उजव्यात माळ्याचा जिना.

"दार बुजवू का?" ह्यांनी विचारलं.

"बुजवा की. मी काय गान्यातनं ये-जा करू?"

चार दिवस दोरी घेऊन खोली मापत राहिले. पाचव्या दिवशी प्लायवूड आणलं. छातीएवढ्या उंच, हात पसरावे एवढ्या रुंद फळ्या, दोन फळ्यांमध्ये तीन बोटं पोकळी, ही झाली एक भिंत. अशा दोन भिंती गुण्या लावून काटकोनात जोडल्या की एक कोपरा. असे दोन कोपरे, दारापासून आणि जिन्यापासून पुढे ओढून उभे केले. रंगुबाई तेव्हा म्हणाली होती, "घरात खोटा कोपरा केला, आता मानसंबी खोटी निघतील." ती शेजारीच बसली आहे, पण तिला सहीपुरतंच येतं, म्हणून बिनधास्त लिहिते.

पण आवाज कसा, तर डबा बडवल्यासारखा. फळ्या थरथरायच्या. हे डोक्याला हात लावून बसले. मला त्यात निराळंच दिसलं. एवढी जागा रिकामी, आणि माझ्या ज्वारीला उंदीर लागलेले. हे नगरला गेल्यावर मी वरून सहा पोती ओतली, तीन इकडे, तीन तिकडे. संध्याकाळी ह्यांनी तबकडी लावली आणि उभेच राहिले. आवाज भुईतून उगवल्यासारखा. गाणारी बाई दोन्ही पेट्यांच्या मधोमध, जणू आमच्या खोलीत उभी.

"काय केलंस गं?"

"ज्वारी भरली."

इतके हसले की खाली बसले. मग दोन्ही कोपऱ्यांना खाली एकेक झडप करून दिली, दळण काढायला. वर बजावलं, "दोन्हीकडनं सारखं काढ."

इथे कबुली देते. मी सारखं काढलं नाही. हे उजवीकडे खुर्चीवर बसायचे, मी डावीकडे भिंतीशी, काहीतरी निवडत. मी दळण नेहमी उजवीकडूनच काढलं. उजवा कोपरा पोकळ झाला की गाणं हळूहळू माझ्याकडे यायचं. मग हे म्हणायचे, "द्वारका, बाई तुझ्याकडं सरकली बघ," आणि खुर्ची उचलून माझ्याशेजारी आणून ठेवायचे. दरसाल असंच. त्यांना कळलं होतं का, ते विचारायचं राहून गेलं.

सहा वर्षांमागे हे गेले. दहाव्याच्या भाकऱ्यांना दोन्ही कोपऱ्यांतली ज्वारी काढली, ती परत भरलीच नाही. शेतात ऊस आला, घरात विकतचं पीठ आलं. तबकडीचं मशीन बंद पडलं, पेट्या मुक्या झाल्या. खरं सांगायचं तर मला दुसरं काही नको आहे. एकदा ते गाणं त्या खोलीत पुन्हा उभं राहावं, एवढंच.

आणि गेल्या रविवारी शमशेरभाईंचा नातू फैयाज आला, सोबत त्याचा पुण्याचा मित्र सुनील. त्यांच्याकडे आवाज मोजायचं यंत्र. सुनील म्हणाला, "आजी, पेट्या एक नंबर आहेत. पण हे कोपरे पोकळ आहेत, नुसते थरथरतात. पेट्या आम्हाला द्या, पुण्याला चांगल्या हॉलमध्ये लावू." मी ज्वारीचं सांगितलं. तो हसला. फैयाज हसला नाही. म्हणाला, "दादाजान सांगायचे, काष्टीला एक घर आहे, तिथं कोपऱ्यांना जेवू घालतात. मला चेष्टा वाटायची." मग म्हणाला, "आजी, वाळू भरू या. एकदा भरली की कायमची. गाणं जागचं हलणार नाही."

मी म्हटलं, "हलायलाच पायजे, बाळा."

कलम दुसरे, पेट्या आणि कोपरे. हे चारही नात पंकजा हिचे. ती आयटीआयला जाते, तिच्या हाताला ह्यांचं वळण आहे. म्हणून रंधा, पटाशी, करवती आणि पितळी गुण्याही तिलाच. घरात जागा नाही असं कुणी म्हणालंच, तर चारही वस्तू फैयाजने न्याव्यात. नुसत्या पेट्या नेऊन कोपरे मागे टाकायचे नाहीत. आणि वाळू भरायची नाही.

कलम तिसरे, मळ्याकडचे वीस गुंठे मुलगी दिपाली हिला. कसावे अजिनाथनेच, पण उसाचं टिपरूही लावू नये, ज्वारीच पेरावी. यंदा त्याने कुरकुरत पेरली. परवा पाच पोती झाली. पोरगं तोंडाने फटकळ, पण पोती पाठीवरून त्यानेच आणली.

कलम चौथे, पोस्टातलं जे असेल ते दोन्ही लेकरांना सारखं. यावर जास्त काही लिहायचं नाही.

कलम पाचवे, हे कुणाच्या वाट्याचं नाही, तरी लिहिते. पाच पोत्यांतली तीन उजवीकडे ओतली, दोनच डावीकडे. रोजचं दळणही आता डावीकडूनच काढते. इतकी वर्षं गाणं मी माझ्याकडे ओढलं, यंदा ते त्यांच्याकडे सरकू दे. त्यांची खुर्ची पुसून उजवीकडे ठेवली आहे. तिच्यावर कुणी बसू नये. या वेळी मी उठून जाईन तिच्याशेजारी.

गाणं लागायच्या आधीच माझं काही झालं, तर फैयाज-सुनीलला दारातून माघारी धाडू नका. सुतक असलं तरी तबकडी लावा.

हे मी वाचून, समजून, राजीखुशीने लिहिलं आहे.

सही: द्वारकाबाई गाडेकर

साक्षीदार:
१. रंगुबाई गाडेकर (घागर मिळाली, तक्रार नाही)
२. आप्पासाहेब लगड, निवृत्त शिक्षक (शुद्धलेखन तपासायला बसले होते, दुसऱ्या पानावर चष्मा काढून ठेवला)

ठिकाण: काष्टी
तारीख: १० मार्च २०२६, मंगळवार

ता. क. फैयाज आणि सुनील दुरुस्तीला नेलेलं तबकडीचं मशीन घेऊन पाडव्यानंतरच्या रविवारी, २२ मार्चला, सकाळी येतो म्हणाले आहेत.