खालून बघताना

५ जून

चि. भाऊजींस,
अ. आ. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. जाऊबाईंची कंबर आता बरी आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. आमच्या तब्येती ठीक आहेत, पण सध्या एका नटाने घरात उच्छाद मांडलाय.

रविवारी गाडीचं ऑइल बदलायला हे खाली शिरले. इंजिनच्या चेंबरखालचा प्लग, म्हणजे हाच तो नट, काढला की जुनं ऑइल गळतं, एवढं मेकॅनिकच्या संसारात मलाही कळतं. पण तो जाम हलेना. यांनी पान्याला पाइप अडकवून जोर लावला, तसा पाना निसटला, बोटं सोलली आणि नटाचे कोपरे झिजून गुळगुळीत झाले. बाहेर येऊन यांनी पाना असा भिरकावला की माझी कुंडी फुटली. कोण्या गाढवाने एवढा आवळून ठेवलाय, म्हणून ओरडत होते. आता भाऊजी, या गाडीला यांच्याशिवाय आजवर कुणी हात लावलेला नाही. मी हसत हसत तसं म्हटलं, तर हे वाकून कुंडीचे तुकडे वेचायला लागले. मग मलाही पुढे हसवेना.

टॉर्च धरायला मीच होते, म्हणून एक वेडा प्रश्न विचारते. गाडीखाली झोपून बघताना हा प्लग कुठल्या बाजूला फिरवला की सुटतो? फोन यांच्या खुर्चीशेजारीच असतो, तेव्हा पत्रानेच कळवा. पुढच्या आठवड्यात समोरच्या नर्सबाईंची गाडी ब्रेकच्या कामाला येणार आहे, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.

मुलांना गोड पापा. आमच्यावर माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

तुमची वहिनी

९ जून

ती. सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून इतका हसलो की गॅरेजमधली सगळी माणसं गोळा झाली. दादाला नट भारी पडला! मला वर्षभर नुसता फडका धरायला लावणाऱ्या माणसाला! त्याला माझ्या नावाने विचार, आटे नक्की कुणाचे ढिले झालेत, नटाचे की त्याचे?

आता कामाचं. गंज सोडवायचं तेल मारून एक रात्र तसंच राहू दे. मग इंजिन थोडा वेळ चालवून कोमट करा, फार तापवू नका, हात भाजेल. नटापेक्षा जरा लहान बॉक्स पाना हातोडीने वर ठोकून बसवायचा आणि सावकाश फिरवायचा. त्यानेही नाही सुटला तर छिन्नी आहेच. हे सगळं दादाला माझ्याहून चांगलं येतं, मी उगाच शहाणपणा पाजळतोय. आणि गाडी नुसत्या जॅकवर ठेवून त्याला खाली जाऊ देऊ नकोस, खाली स्टँड लाव म्हणावं.

बाजूचं काय विचारलंस? वहिनी, तू आता गॅरेज उघडतेस की काय! ते दादाचं दादा बघेल. तू फक्त टॉर्च धर आणि कुंड्या आत घे.

बाकी क्षेम. पत्रातून असाच दम देत राहा, त्याशिवाय आम्हाला करमत नाही.

तुझा
भाऊजी

१३ जून

चि. भाऊजींस,
अ. आ. वि. वि.

तुमचं पत्र, बाजूबद्दलचं तेवढं गाळून, यांना वाचून दाखवलं. हसले, पण जरा उशिराने. मी जे विचारलं होतं, ते मात्र तुम्ही थट्टेवारी नेलंत. म्हणून शेवटी माझं मीच करून पाहिलं. हसू नका. हे आंघोळीला गेल्यावर साखरेची बरणी घेऊन जेवणाच्या टेबलाखाली उताणी झोपले, बरणी उलटी धरली आणि खालून बघत झाकण फिरवलं. घड्याळाचे काटे जातात त्याच्या उलट फिरवल्यावर ते सुटलं आणि सगळी साखर माझ्या तोंडावर आली. मी तशीच पडून रडले, भाऊजी.

कारण त्या दिवशी हे काट्यांच्या बाजूने फिरवत होते. गाल फरशीला टेकवून मी नीट पाहिलंय. पाइप लावला तोही त्याच बाजूला. प्लग गंजलाही नव्हता आणि जामही नव्हता. हेच तो आवळत होते, आणि सुटत नाही म्हणून अजून जोर लावत होते. यांच्या हातून असं कसं होईल? झोपेतून उठवलं तरी इंजिन खोलून पुन्हा जोडतील ते.

मला भीती वाटते. परवा चहा पिऊन झाल्यावर आज चहा नाही का म्हणाले, ते मी हसण्यावारी नेलं होतं. आता एकेक आठवतंय. नर्सबाईंची गाडी उद्या दारात येईल. त्या बाई रोज ती घेऊन घाट उतरतात. ब्रेकचा एखादा नट असाच उलटा फिरवला गेला तर? त्यांना काय सांगू? आणि यांना काय सांगू? तोंडावर बोलले तर माणूस खचून जाईल, गप्प बसले तर कुणाचा तरी जीव जाईल. काहीतरी निमित्त काढून या. मी लिहिलंय हे यांना कळू देऊ नका.

तुमच्याशिवाय हे कुणाला सांगणार? जाऊबाईंना विचारलंय म्हणून सांगा.

तुमची वहिनी

१५ जून

चि. धाकट्यास,
अ. आ.

मला पत्र लिहायचा कंटाळा, तुला माहीत आहे. तरी लिहितोय.

आटे ढिले म्हणालास. खरं बोललास बघ.

काल ही भाजी आणायला गेली तेव्हा परत गाडीखाली गेलो. तू सांगितलास तसा लहान बॉक्स ठोकून बसवला, छान बसला. पाना लावला आणि हात थांबला. कुठल्या बाजूला फिरवायचा, तेच कळेना. डावीकडे वाटावं, की लगेच उजवीकडे वाटावं. उभ्या जन्मात हा प्रश्न मला पडला नव्हता, हात आपोआप फिरायचा. हिची चाहूल येईपर्यंत तसाच खाली पडून राहिलो, बाहेर यायची भीती वाटत होती रे.

नर्सबाईंकडे मी स्वतः जाऊन आलो. पाठ धरली आहे, गाडी दुसरीकडे न्या, म्हणालो. माझ्याकडे येणारं काम मी हाताने परत पाठवलं.

हिला यातलं काही माहीत नाही. सांगू नकोस, घाबरेल बिचारी. तिचंच अलीकडे काहीतरी बिनसलंय. परवा केसांत साखर होती, विचारलं तर डबा निसटला म्हणाली आणि डोळे पुसत आत गेली.

तर मला एका कागदावर प्लगचं चित्र काढून पाठव. सुटायची बाजू बाण काढून दाखव. खालून बघताना की वरून, तेही लिही. फोनवर सांगू नकोस, ऐकलेलं राहत नाही.

आणि एक कर. काही दिवसांनी हेच मी पुन्हा विचारलं, तर आधी सांगितलंय असं म्हणू नकोस. पहिल्यांदाच विचारतोय असं समज आणि परत सांग.

तुझा
दादा