चापाखालची काजळी

बाबा, "काळं लागेल तेवढंच काढायचं, बाकीच्याला हात लावायचा नाही," असं तुम्ही म्हणाला होतात. नॉटिंगहॅमच्या आपल्या जुन्या घरातलं स्वयंपाकघर, शनिवारची दुपार, टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेलं आणि त्यावर तुमच्या ठासणीच्या रायफलीचा अक्रोडी दस्ता. आठवडाभर कारखान्यात लेथवर उभा राहणारा माणूस सुट्टीच्या दिवशी पुन्हा लोखंडच हातात घेतो, याचं मला नवल वाटायचं. देवघरातलं निरांजन तुम्ही उचलून आणलंय आणि सांडशीत चापाची पट्टी धरून ज्योतीवर फिरवताय. आई पोळी लाटता लाटता वळून बघते. "अहो, देवाच्या दिव्यावर बंदूक काय धरताय?" "बंदूक कुठे, नुसता चाप आहे. त्याला काजळ घालतोय." "घाला, घाला. दृष्ट लागेल हो त्याला!" मग ती काजळलेली पट्टी तुम्ही लाकडातल्या खाचेत अलगद दाबता, उचलता आणि मला जवळ बोलावता. लोखंड जिथे टेकलं तिथेच लाकडावर काळा ठिपका उमटलेला असतो. तेवढाच तुम्ही पटाशीने खरवडता. पुन्हा ज्योत, पुन्हा ठिपका. दुपार सरते आणि खाच कागदाच्या जाडीइतकीही खोल झालेली नसते.

ते चाप निवडायलाच तुम्ही अख्खा हिवाळा घालवला होतात. बंदुकांचं दुकान असलेले तुमचे एक मित्र आठवतात ना, इथली माणसं सगळ्यांनाच म्हणतात तसं तुम्हालाही 'डक' म्हणणारे? त्यांनी काउंटरवर तीन सेट ट्रिगर, म्हणजे आधी ताणून ठेवायचे चाप, मांडले होते. एकात एकच चाप, तो आधी पुढे ढकलायचा. उरलेल्या दोन्हींत चापांची जोडी. मागचा ओढला की आतली स्प्रिंग ताणून अडकते, आणि मग पुढच्याला बोट नुसतं लागलं तरी पुरतं. पण त्यातल्या एका जोडीत मागचा ओढल्याशिवाय काहीच हलत नव्हतं; दुसरीत मागचा विसरला तरी पुढचा जोर लावून ओढता येत होता. मित्र म्हणाले, "नेम धरून मारायचंय ना तुला, डक? मग पहिली जोडी घे, साधी आहे." तुम्ही तिन्ही पुन्हा पुन्हा चालवून बघितलेत आणि शेवटची उचललीत. "माणूस विसरतो," म्हणालात. "विसरलेल्या माणसालाही हिने सांभाळून घेतलं पाहिजे." घरी आल्यावर आई म्हणाली, "मला बघायला आला होतात तेव्हा चहा संपायच्या आत होकार दिलात. आणि ह्या लोखंडाला चार महिने!" तुम्ही हसलात आणि म्हणालात, "तिथे पर्याय कुठे होता?" त्या रात्री तुम्हाला ताटात भात कमी मिळाला.

त्या जोडीचा आवाज मी अजून विसरलेले नाही. दस्ता नाही, नळी नाही, नुसती पट्टी लोखंडी शेगड्याच्या जबड्यात आवळलेली. तुम्ही मागचा चाप ओढलात. टक्. मग आईच्या शिवणाच्या डब्यातला दोरा पुढच्या चापाला अडकवून त्याचं टोक माझ्या हातात दिलंत. "ओढू नकोस. नुसतं ओढायचं मनात आण." मी श्वास सोडला आणि पुन्हा टक्! मी दोरा टाकून मागे सरकले. एवढी ताकद इतक्या कमी स्पर्शाची वाट बघत गप्प बसून असते, हे मला त्या दिवशी कळलं. बाबा, मी मंदिरांत गेले आहे, मोठे समुद्र पाहिले आहेत. तसं अंगावर आलेलं फार थोडं आहे.

नंतरच्या जानेवारीत तुम्ही अचानक गेलात. दस्ताही तुमच्या मित्रांकडे गेला आणि रायफल तिथेच राहिली, कारण लायसन त्यांच्याकडे. मधे सन दोन हजार उजाडलं, मी चाळिशी ओलांडली. मी दातांची डॉक्टर झाले, हे तुम्हाला ठाऊक नाही. नवीन दात बसवला की मी पेशंटला निळा कागद चावायला देते, उमटलेला निळा ठिपका बघते आणि तेवढाच घासते. इतकी वर्षं मला वाटत होतं, हे मी कॉलेजात शिकले. या ऑगस्टमध्ये मित्रांचा फोन आला. "हात थरथरतात आता, डक. ख्रिसमसला दुकान बंद करतोय. तुझ्या डॅडची रायफल अशी अर्धवट अवस्थेत विकायला जीव होत नाही. चाप तू बसव. मी बाजूला बसतो."

म्हणून मी शनिवारी शनिवारी त्यांच्या दुकानात जाते. आईने निरांजन दिलं, तेच. "तूपही घेऊन जा," म्हणाली, "तिथलं मेणबत्तीचं काजळ तुझ्या बाबांना चालायचं नाही." सांडशीत पट्टी धरली आणि माझा हात आपोआप फिरला, तुमचा फिरायचा तसा. दस्त्याची खाच उजेडात धरली आणि मी थांबले. तळाशी, पुढच्या टोकाला, एक काळा ठिपका आधीच होता. तुमचा. शेवटच्या शनिवारचा, आपल्याच निरांजनाचा, खरवडायचा राहिलेला. इतकी वर्षं लाकडाने तो धरून ठेवला होता. मी बोट लावलं नाही, भीती वाटली पुसला जाईल याची.

बाकी सगळं मी बसवलंय. मागचा चाप ओढला की टक् होतं, पुढच्याला बोट लावलं की टक् होतं, पण वरचा घोडा जागचा हलत नाही. पट्टी त्या ठिपक्यावर टेकलेली आहे, म्हणून चाप घोडा सोडणाऱ्या लॉकपर्यंत पोचत नाही. केसभर लाकूड जायला हवं, आणि ते नेमकं त्या ठिपक्याचंच आहे. मित्रांनी बघितलं आणि ते चहा ठेवायला गेले. मी त्यांना सांगितलं, पटाशीला धार नाही. ती धारदार होती, बाबा. गेले कितीतरी शनिवार मी तिला धारच लावत बसते, आणि ते मला लावू देतात.

आता ख्रिसमस जवळ आलाय. तुम्ही नाहीच म्हणाल, पटाशी पुढे सरकवाल, मला माहीत आहे. तरी विचारते. एवढा एक ठिपका राहू देऊ का?