फॉर्मवरचा तुझा नंबर

सोलापूर, गुरुवार

प्रिय चैताली,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे पत्र उघडलंस, म्हणजे माझं अर्धं ओझं उतरलं. सहा वर्षांत हिनं साधा फोन केला नाही आणि आता एकदम पत्र, म्हणजे हिचं काहीतरी काम असणार, असं म्हणशील. काम आहेच. पण ते शेवटी सांगते. आधी सांगितलं तर तू पुढचं वाचायचीच नाहीस, मला माहीत आहे तुझा स्वभाव.

आपला दवाखाना मार्चमध्ये बंद झाला. डॉक्टर मुलाकडे पुण्याला गेले आणि एक्स-रेचं मशीन बार्शीच्या कुणीतरी विकत घेतलं. ते टेम्पोत चढवत होते तेव्हा मी फाटकात उभी राहून रडले. मशीनसाठी कुणी रडतं का गं? पण त्या खोलीच्या दारात उभं राहून रोज दहा बायकांना तोच प्रश्न विचारलाय मी, बाई, दिवस गेलेत का, पाळी कधी आली होती. मराठीत, पूर्व भागातल्या विणकरांच्या बायकांना मोडक्यातोडक्या तेलुगूत, आणि अक्कलकोटकडच्या बायकांना तू शिकवलेल्या कानडीत. कुणी लाजायची, कुणी आधी सासूकडे बघायची. एकीनं नुसता माझा हात दाबला होता, तेवढ्यावरून मी समजले आणि फोटो काढला नाही.

आता मलाच दिवस गेलेत आणि विचारायला कुणी नाही. तिसरा लागलाय. बिरुदेव, म्हणजे माझा नवरा (लग्नाला तुला बोलवायचं धाडस झालं नाही), तिकडं कच्छमध्ये पवनचक्क्यांच्या देखभालीवर आहे. तीन महिन्यांनी दहा दिवस येतो. सासूबाई मंगळवेढ्याकडच्या गावात, शेरडं सोडून त्यांना येता येत नाही. फोनवर एकच सांगतात, तीन म्हैनं पुरं हुईस्तवर कुणाला सांगू नगंस, नजर लागती. अगं, सांगू कुणाला? जुळे सोलापुरातल्या या दोन खोल्यांत मी आणि भिंती. शेजारचे दोघंही सकाळीच कुलूप लावून जातात. परवा उलटी झाल्यावर बाथरूमच्या फरशीवर अर्धा तास तशीच बसून राहिले. ऊठ म्हणणारं कुणीच नव्हतं. शेवटी स्वतःलाच मोठ्यानं म्हणाले, ऊठ ऋतुजा. स्वतःचाच आवाज ऐकून दचकले बघ.

म्हणून नोकरी हवीय. घरात बसले तर मला वेड लागेल. पहिल्या दवाखान्यात सरळ खरं सांगून टाकलं. तिथल्या मॅडम इतकं गोड हसल्या, म्हणाल्या, आधी बाळाकडे लक्ष द्या, नोकऱ्या काय, येत राहतील. अजून काही आलेली नाही. दुसऱ्या ठिकाणी शहाणपणा केला, गप्प बसले. त्यांनी लगेच मशीनवर हात बघायचा म्हणून उभं केलं. शिशाचा एप्रन गळ्यात घातला आणि पोटात दुखतंय सांगून मी चक्क पळून आले. आपलं कामच असलं आहे की. दुसऱ्या कुठल्या ऑफिसात चार महिने ओढणीखाली लपवता आलं असतं.

त्या दिवशी रिक्षात तुझी आठवण झाली, खरंतर रोजच होते. दवाखान्यात कायमची जागा एकच होती आणि ट्रेनी आपण दोघी. तुला दिवस गेलेत हे फक्त मला माहीत होतं. तुला आई नव्हती म्हणून मीच मोठ्या हौसेनं हिरवा खण आणला, चोरचोळी करायची म्हणून. कुणाला न सांगता, गुपचूप द्यायची असते ती. आमच्यात असलं काही नसतं, म्हणून तू हसलीस, पण खण कपाळाला लावून पिशवीत ठेवलास. मुलाखतीनंतर डॉक्टर तुला म्हणाले, तुमचं नंतर बघू, आणि जागा मला मिळाली. त्यांना तुझं कुणी सांगितलं असेल, यावर तू आठ दिवस विचार केलास आणि शेवटी फरशी पुसणाऱ्या नीलम्मा मावशीवर संशय घेतलास. तिनं चोरचोळीच्या वेळी दार ढकललं होतं म्हणून. ती बिचारी देवाची शपथ घेत राहिली. तू तिच्याशी बोलणं टाकलंस आणि मी शेजारी उभी राहून फिल्म सुकवत होते.

चैताली, मी सांगितलं होतं. डॉक्टरांनी मला काही विचारलंही नव्हतं. मीच म्हणाले, सर, तिला सध्या मशीनपाशी उभं करू नका, तिला दिवस गेलेत. तुझ्या पोटातल्या जिवाच्या काळजीनं बोलले, असं सहा वर्षं स्वतःला सांगत आले. काळजी होती गं, खोटं नाही. पण जागा एकच होती, हेही तोंड उघडताना मला पक्कं माहीत होतं. माफ कर म्हणायचीही लाज वाटते. नीलम्मा मावशी भेटली तर तिला तेवढं सांग.

आता काम. होटगी रोडवर नवीन दवाखाना झालाय, मंगळवारी तिथं मुलाखत झाली. तिथंही मी गप्प बसले. मग फॉर्ममध्ये आधीच्या ठिकाणच्या सहकाऱ्याचं नाव आणि फोन नंबर मागितला. माझं काम जवळून बघितलेली तूच एक, म्हणून तुझा लिहिला. पाठ होता. घरी आले आणि दोन दिवस स्वतःलाच विचारत राहिले. तुझ्या नावावर मी गुपित ठेवून नोकरी मिळवायची? तुझं तर मी दोन दिवससुद्धा ठेवलं नाही. आज सकाळी फोन करून त्यांना सगळं सांगून टाकलं. ते म्हणाले, विचार करतो, घ्यायचं ठरलं तर आधी तुमच्या सहकारी बाईंना फोन करू. म्हणजे मला नोकरी मिळणार की नाही, हे माझ्याआधी तुला कळणार. फोन आला तर माझ्याविषयी जे खरं वाटतं ते सांग, काहीही सांग, तुला हक्क आहे. आणि आठ दिवसांत त्यांचा फोन नाहीच आला, तर मला एक फोन तू कर. शिव्या द्यायला कर, पण कर.

तुझीच, अजून म्हणू देत असशील तर,
ऋतुजा