उकळलेली बोरमाळ

गंगाखेड, ता. ४ मार्च १९८८

ती. आत्यास गीताचा सप्रेम जयभीम. वि. वि.

इकडे सर्व ठीक, असं लिहिणार होते. पण तुला खोटं लिहवत नाही. नणंदेच्या लग्नासाठी दागिने धुवायला काढले. सासूबाईंनी चांदीच्या जोडव्यांसोबत, तू घडवून दिलेली माझी सोन्याची बोरमाळही रिठ्याच्या पाण्यात उकळायला सांगितली. सोन्याला उकळी नको म्हटलं, तर म्हणाल्या, मास्तरणीची भाची लय शहाणी हाय. उकळली. मण्यांच्या भोकांतून तांबडी लाख वितळून आली, मणी चेपले. आता माळ खोटी ठरलीय. पुढच्या रविवारी मला ताडकळसला आणून सोडणार आहेत. यांनी तोंडही उघडलं नाही. आत्या, चोराची भाची म्हणून मला यायचं न्हाई.

तुझा हात पाठीवर असू दे.

तुझी गीता

गंगाखेड, ता. ५ मार्च १९८८

श्रीमती चांगुणाबाई यांस दत्तरावांचा जयभीम.

पत्रास कारण की, आपण सोन्याच्या नावावर आमच्या सुनेच्या गळ्यात लाख बांधलीत. सर्व घराने डोळ्यांनी पाहिलं. भरीव सोन्याची माळ तयार होईपर्यंत मुलगी आपल्याकडेच राहील. पुढच्या रविवारी आमचा पंडित तिला आणून सोडेल. आपण शिक्षिका आहात, जास्त काय लिहावे.

लोभ टिकवणे आपल्या हाती.

दत्तराव

ताडकळस, ता. ९ मार्च १९८८

दत्तराव, आणि हे पत्र दाराआडून ऐकणाऱ्या तुमच्या तिन्ही सुनांना जयभीम.

मुलींनो, तुमची तक्रार एकच आहे. दागिना तुमचा, अक्कल सासूची, दोष माहेरचा.

दत्तराव, बोरमाळेचे मणी पोकळच असतात. ते चेपू नयेत म्हणून सोनार आत लाख भरतो. कोणत्याही सोनाराला विचारायला तुम्हाला पाच मिनिटं लागली असती. पण विचारल्याने तुमचा मोठेपणा झिजतो. अशा माळेला कोमट पाणी, थोडा रिठा आणि मऊ फडकं पुरतं. गीताच्या सासूबाईंनी, तुमच्या सरजाबाईंनी, तिचं पिठलं शिजवलं.

नामांतराच्या सभेत माझ्या आधी तुम्ही बोललात. माणसाला माणूस म्हणा, असं टेबलावर हात आपटून सांगितलंत. मी टाळ्या वाजवल्या, त्याची आज लाज वाटते. तुमची समता माईकच्या वायरीएवढीच लांब. घराच्या उंबऱ्यापर्यंत पोचत नाही. आणि तुमचा पंडित! बी.ए. झाला, पण बायकोच्या बाजूने एक वाक्य बोलायचं शिकला नाही.

गीता रविवारी येणार नाही. तिचं घर तिथेच आहे. सरजाबाईंच्या गळ्यातही त्यांच्या आईने दिलेली बोरमाळ आहे. त्यांच्या आईला तुम्ही अजून चोर म्हटलेलं नाही. तेव्हा रविवारी साऱ्या घरासमोर चुलीवर पातेलं ठेवा. लाखेचा थेंबही निघाला नाही, तर पहिल्या एस.टी.ने येऊन मी भाचीला घेऊन जाईन.

लोभाचं नंतर पाहू. आधी पाणी उकळू द्या, आणि सरजाबाईंना सगळ्यांदेखत विचारा, त्यांची माळ त्यात सोडायची का.

चांगुणा