नाव नसलेल्या नोंदी

कुळगाव, १२ नोव्हेंबर २००६

प्रिय राजू,

आधी चांगली बातमी. शीलाचा रिपोर्ट आला, निगेटिव्ह आहे. मीच तिच्याबरोबर उल्हासनगरला गेले होते. कागद हातात आल्यावर ती म्हणाली, "ताई, त्यांना गोळ्या वेळेवर घ्यायला सांगा." तिचा राग आहे, पण आजाराचा नाही. तिला हे तुझ्याकडून नाही, शेजारच्या सुंदराबाईंकडून कळलं, याचा आहे. तरी तू नाशिकहून कधी येणार, हे रोज विचारते. आईला तू नोकरी सोडलीस एवढंच माहीत आहे.

आता जे लिहायला तीन महिने लागले, ते लिहिते. आमच्या संस्थेची वेबसाइट तुला माहीत आहे. एचआयव्हीबद्दल कुणालाही न लाजता वाचता यावं, म्हणून काढलेली. नाव आम्ही कुणाचंच विचारत नव्हतो. पण कुठल्या कनेक्शनवरून, किती वाजता, काय शोधलं, याची नोंद कॉम्प्युटर आपोआप ठेवतो. जूनमध्ये मुंबईच्या एका कॉलेजातल्या संशोधकांनी त्या नोंदी मागितल्या. लोकांना काय विचारायचं असतं ते कळलं तर दवाखाने सुधारतील, असं त्यांचं म्हणणं. आमचे डॉक्टर म्हणाले, "नावं कुठे आहेत त्यात? देऊन टाका." मला खटकलं होतं. वाचणाऱ्यांनी हे आपल्यापुरतं म्हणून वाचलंय, असं वाटलं होतं. पण बोलले नाही. सीडी मीच करून दिली.

ऑगस्टमध्ये त्यांनी अंबरनाथला अहवाल मांडला. कारखान्यांचे अधिकारी बोलावले होते. मी प्रोजेक्टरपाशी उभी. पडद्यावर एक उदाहरण आलं: अंबरनाथचा एक रंगांचा कारखाना, दर शनिवारी एक वाजून दहा मिनिटांनी, बहुधा एकच माणूस. त्याने शोधलेलं खाली लिहिलं होतं. 'गोळ्या चालू असताना मूल होतं का.' 'बदलापूरच्या बाहेर तपासणी.' 'बायकोला कसं सांगायचं.' पुढच्या रांगेतले तुमच्या कारखान्याचे शंकरराव शेजाऱ्याला हसत म्हणाले, "हा आमचाच. जेवणाच्या सुट्टीत नेट फक्त स्टोअरमध्ये चालू असतं." स्टोअरमध्ये कोण बसतं, हे मलाही त्यांच्याइतकंच माहीत होतं. मी पुढचं चित्र लावलं.

आठवड्याभरात तुझ्या डब्याशेजारी कुणी बसेना. तू माझ्याकडे आलास आणि म्हणालास, "ताई, मी फक्त महिपतीला सांगितलं होतं." गेटवर सगळ्यांसमोर तू त्याची कॉलर धरलीस, हेही सांगितलंस. मी तुला पाणी दिलं आणि गप्प राहिले. आठवीपासूनचा तुझा मित्र, आणि मी गप्प राहिले.

महिपती कुणाशी एक शब्द बोलला नाही, राजू. तुझं गुपित माझ्या हातून गेलं. सीडी परत मागितली, तर आणखी दोन ठिकाणी प्रती गेल्यात म्हणाले. संस्थेला सगळं लेखी कळवलं आहे. पुढे काय होईल माहीत नाही. काल जांभूळ गावी महिपतीच्या घरी गेले. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "मला कशाला सांगता? त्याला सांगा. आणि पत्ता द्या त्याचा." मी दिला नाही. तुला विचारल्याशिवाय तुझं काहीच आता मी कुणाला देणार नाही. म्हणून विचारते, देऊ का?

तुझीच ताई,
वैष्णवी